‘माइंडफुलनेस’साठी भान की सजगता?

प्रश्न (अनुवादक, नांदेड) : डायलिसिसच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी माइंडफुलनेस थेरपीची, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडं बरं-वाईट न ठरवता लक्ष देण्याच्या सरावाची, माहितीपत्रिका मराठीत करायची आहे. ध्यान, सजगता, सचेतनता, भान असे शब्द समोर आहेत. वाचणारे बहुतेक कंधार, मुखेड, देगलूरकडचे. कोणता घ्यावा?

मराठीच्या प्राध्यापक, परभणी : ‘ध्यान’ घेऊ नका. आपल्याकडं ‘गोळीचं ध्यान राहू द्या’ म्हणजे विसरू नका, आणि ‘ध्यानाला बसा’ म्हटलं की माणूस मांडी घालून देवाचं नाव घेतो. इथं दोन्ही अर्थ लागू नाहीत. मूळ शब्द पालीतला ‘सति’, संस्कृतात ‘स्मृती’. पाली ग्रंथांचे इंग्रज अनुवादक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ वापरला. अष्टांगिक मार्गातली ‘सम्यक स्मृती’ इथल्या बौद्ध घरांत ओळखीची आहे. बाकीच्यांना मात्र स्मृती म्हणजे आठवण. ‘सती’ लिहिलं तर अर्थ भलतीकडंच जातो. ‘सचेतनता’ बोलण्यात कुणाच्याच येत नाही.

समुपदेशक, लातूर : शीर्षकात ‘सजगता’ चालेल, सूचनेत नको. ‘सजग राहा’ आणि ‘सावध राहा’ कानाला एकच वाटतात, आणि या रुग्णांना सावध राहा हे दिवसभर ऐकावंच लागतं. मग ते अंगात कुठं काही बिघडतंय का, हे शोधत बसतात आणि धास्ती वाढते. ‘भान’ शोधायला लावत नाही. जे आहे ते जाणवू देतं. ‘भान हरपलं’, ‘भानावर आला’ हे सगळ्यांच्या तोंडी आहे. म्हणून लिहा : ‘पाठ खुर्चीला टेकली आहे, याचं भान येऊ द्या.’

‘श्वासाकडे लक्ष द्या’ हे वाक्य सरसकट छापू नका. अंगात पाणी साठून धाप लागलेल्या माणसाला श्वासाकडं बघायला लावलं की तो आणखी घाबरतो. त्याला तळहाताकडं किंवा पंख्याच्या आवाजाकडं लक्ष द्यायला सांगा. मधुमेहात पाय बधिर झाले असतील तर ‘बॉडी स्कॅन’ची, म्हणजे अंगभर लक्ष फिरवण्याची, सुरुवात तळपायापासून करू नका. काहीच जाणवलं नाही की भीती पहिल्याच मिनिटाला येते. हातापासून सुरू करा.

डायलिसिस परिचारिका, धाराशिव : जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बांधलेला माइंडफुलनेसचा कार्यक्रम ८ आठवड्यांचा आहे. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, घरी रोज ४५ मिनिटं. ४ तास मशीनवर काढून गावी परतलेल्या माणसाला हे झेपत नाही. डायलिसिस सुरू असताना पहिल्या तासात १० मिनिटं ठेवा. शेवटच्या तासात रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात. फिस्टुलाचा हात, म्हणजे ज्यात मशीनच्या सुया टोचलेल्या असतात तो, स्थिरच राहू द्या. मूठ उघडा-मिटायला सांगायची तर दुसऱ्या हाताची.

तहानेसाठी वेगळा परिच्छेद हवाच. पाणी मोजून प्यायचं आणि बाहेर वैशाख! शब्द असे ठेवा : ‘कोरड कुठं आहे? जिभेला, टाळूला, की घशाला? वाढतेय की ओसरतेय? मिनिटभर बघा. मग ठरलेल्या मापातला घोट तोंडात फिरवून गिळा.’

या कार्यक्रमात एक मनुका बघत, हुंगत, सावकाश चावत खायचा सराव असतो. त्याला मनुक्याऐवजी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा घ्या. मनुक्यात साखरही आहे, पोटॅशियमही. भाकरीचा पापुद्रा बोटांनी सोडवायचा, तव्यावर करपलेल्या ठिपक्याचा वास घ्यायचा, घास जिभेवर ठेवून गोडी उतरेपर्यंत सावकाश चावायचा. मावश्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

अनुवादक : ‘ॲक्सेप्टन्स’ला ‘स्वीकार’ पुरेल?

समुपदेशक : एकटा नाही पुरणार. इथं स्वीकार म्हणजे ‘भोग हाय, भोगायचा’ असा घेतला जातो, आणि माणूस गोळा आला तरी दात आवळून गप्प पडून राहतो. ‘सोसा’, ‘सहन करा’ तर अजिबात नको. ‘दुखतंय हे मान्य करा, आणि लगेच सांगा’ असं जोडूनच लिहा. ‘नॉन-जजमेंटल’ला ‘बरं-वाईट न ठरवता’ पुरे.

परिचारिका : आणि एक चौकट ठळक अक्षरात : ‘हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं गरगरतं, साखर ७० च्या खाली असू शकते. हे पाहत बसायचं नाही. सराव थांबवा. १५ ग्रॅम साखर, म्हणजे ३ लहान चमचे, थोड्या पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.’