जुन्या ठाण्यात शहर-संग्रहालय मागायचे असेल, तर निवेदनात आधी काय मागावे?

नौपाडेकर (प्रश्न)

ठाणे स्थानकाची पश्चिम बाजू, जांभळी नाका आणि मासुंदा तलाव या जुन्या मध्यवस्तीत शहराच्या इतिहासाचे संग्रहालय व त्याला जोडून एक कलादालन उभारावे, अशी मागणी करणारे निवेदन आमच्या परिसरातील काही रहिवासी महापालिकेला देणार आहेत. त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आमचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. घोडबंदर रस्त्याच्या बाजूने नवे ठाणे वाढत गेले, मॉल आणि बहुपडदा चित्रपटगृहे तिकडे उभी राहिली, आणि जुने ठाणे गाडी पकडण्यापुरते व सणासुदीच्या खरेदीपुरते उरले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर अंतर कापून ज्या गावात आली, त्या गावाने एवढ्या एका गोष्टीवर तरी पाहुण्याला दोन तास थांबवून घ्यायला हवे.

मंडळींत दोन मते आहेत. काहींना स्पेनमधील बिल्बाओचे उदाहरण फार भावते. उतरती कळा लागलेल्या त्या बंदराच्या शहरात १९९७ मध्ये गुगेनहाइम हे आधुनिक कलेचे संग्रहालय उघडले आणि शहराचे दैव पालटले, तेव्हा आपणही नामांकित वास्तुविशारदाकडून नजरेत भरेल अशी इमारत मागावी, असे ते म्हणतात. इतरांच्या मते किल्ल्यात असलेले मध्यवर्ती कारागृह दुसरीकडे हलवून ठाण्याचा किल्लाच लोकांसाठी खुला करावा. अशा केंद्रामुळे मध्यवस्ती खरोखर सावरते का आणि निवेदनात पहिली मागणी कोणती असावी, याबद्दल नगररचना, संग्रहालय किंवा या भागातील व्यापार जवळून पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खाडीपलीकडचा

निवेदनातील पहिल्या गृहीतकाशीच माझे जमत नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. नगररचनेच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि अशा प्रस्तावांत परदेशी शहरांचे दाखले येतात, तेव्हा त्या शहरांचे दुखणे काय होते हे सहसा कोणी पाहत नाही. तेथे गोदी बंद पडली, कारखाने गेले, दुकानांना टाळी लागली आणि दिवेलागणीनंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसेनासे झाले. माणसे परत कशी आणावीत, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. जुन्या ठाण्यात माणसांची वानवा कधीच नव्हती. सॅटिसच्या, म्हणजे स्थानकाबाहेरच्या बसगाड्यांच्या उंच पुलाखालून बाहेर पडणारा लोंढा रिक्षांच्या रांगा, बसथांबे आणि फेरीवाले यांच्यातून वाट काढत पुढे सरकतो, आणि त्यातला कोणीही गरजेपेक्षा एक मिनिट अधिक थांबत नाही, कारण थांबण्यासारखे तेथे काही ठेवलेलेच नाही. बसायला बाक मिळत नाही, सावली दुकानाच्या पन्हळी पत्र्याखाली शोधावी लागते आणि स्वच्छतागृह कोठे आहे हे विचारत फिरावे लागते. त्यामुळे ‘वर्षाला किती लाख पर्यटक येतील’ हा आकडा मसुद्यात मुळीच घालू नये. आज जी माणसे येतातच, ती आणखी अर्धा-पाऊण तास का रेंगाळतील, याचे उत्तर द्यावे. संग्रहालयाचा आकार, जागा आणि वेळ या साऱ्या गोष्टी त्या उत्तरातून निघतील.

बिल्बाओची गोष्टही आपल्याकडे अर्धीच सांगितली जाते. संग्रहालय उघडण्याच्या दोन वर्षे आधी, १९९५ मध्ये, तेथे मेट्रो सुरू झाली होती. नेर्व्हिओन नदीत जाणारे सांडपाणी रोखण्याचे आणि काठावरची बंदराची जमीन मोकळी करण्याचे काम कित्येक वर्षे चालू होते. टायटॅनियमने मढवलेल्या भिंती छायाचित्रात येतात, मलवाहिन्या येत नाहीत, एवढाच फरक. त्याच काळात इंग्लंडमधील शेफिल्ड शहराने काय केले, तेही आपल्या मंडळींना वाचून दाखवा. मार्च १९९९ मध्ये तेथे लोकप्रिय संगीताचे राष्ट्रीय केंद्र उघडले. पोलादाचे चार अवाढव्य ढोल उभे केल्यासारखी इमारत, सुमारे दीड कोटी पौंडांचा खर्च आणि वर्षाला चार लाख प्रेक्षकांचा अंदाज! प्रेक्षक त्या अंदाजाच्या आसपासही फिरकले नाहीत आणि पुढच्याच वर्षी केंद्र बंद पडले. नंतर ती इमारत तेथील विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेकडे गेली. बांधकामाला अनुदान मिळाले होते, परंतु दिवसाचा खर्च तिकिटांतून भागवायचा होता, आणि एकदा पाहून गेलेल्या माणसाला पुन्हा येण्याचे सबळ कारण नव्हते.

आपल्याकडे हेच वेगळ्या मार्गाने घडते. भूमिपूजनासाठी निधी मिळतो, कारण भूमिपूजनाला कोनशिला असते. वीजबिल, सुरक्षारक्षक, वातानुकूलन यंत्रांची देखभाल आणि संग्रह सांभाळणाऱ्या जाणकार अभिरक्षकाचा (क्युरेटरचा) पगार यांना कोनशिला नसते. म्हणून इमारतीची मागणी करण्यापूर्वी ती चालवणार कोण, हे मागा. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा नमुना येथे उपयोगी पडेल. १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ती वास्तू मुंबई महापालिकेच्या मालकीची आहे. तिचे जतन महापालिका, इन्टॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या त्रिपक्षीय करारातून झाले आणि २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. मालकी सार्वजनिक आणि कारभार विश्वस्त मंडळाकडे, अशी ती व्यवस्था आहे. ठाण्यासाठी असेच स्वतंत्र विश्वस्त मंडळ, किमान दहा वर्षांच्या चालू खर्चाची तरतूद आणि अभिरक्षकाचे मंजूर पद या मागण्या पहिल्या पानावर असाव्यात. वास्तुविशारदाचा विषय त्यानंतरचा.

जांभळीनाका

माझे दुकान बाजारात आहे आणि ते पागडीचे, म्हणजे जुन्या भाडेकराराचे आहे, म्हणून ही चर्चा मी थोड्या धास्तीनेच वाचत आहे. सुशोभीकरणाचा प्रकल्प आला की पहिला विचार वाहने बंद करण्याचा होतो. त्याला माझा सरसकट विरोध नाही. संध्याकाळी या रस्त्यावर म्हातारे माणूस चालू शकत नाही, हे मी रोज गल्ल्यावर बसून पाहतो. मात्र धान्याची पोती, तेलाचे डबे आणि फुलांचे हारे डोक्यावरून किती लांब न्यायचे, याला मर्यादा आहे. टेम्पो दुकानापर्यंत यावा लागतो आणि तो सकाळी लवकर येतो. सकाळी ठरावीक तासापर्यंत माल उतरवण्याची मुभा आणि दुपारनंतर पादचाऱ्यांना रस्ता, असे वेळापत्रक निवेदनातच लिहिले, तर बाजारातील बरेच लोक सही करतील. ते न लिहिता सही मागायला आलात, तर चहा मिळेल, सही मिळणार नाही.

दुसरी गोष्ट भाड्याची. परिसर नावारूपाला आला की घरमालकाला पुनर्विकासाची घाई होते, आणि पुनर्विकासानंतर त्या तळमजल्यावर पूजासाहित्य, मसाला किंवा सुतळी-पिशव्या विकणारा जुना दुकानदार परत येईलच असे नाही. तेथे मोबाइलची शोरूम येते. मग तुमच्या संग्रहालयाबाहेर जो जुना बाजार दाखवायचा आहे, तो दाखवायला उरणार नाही. फेरीवाल्यांचेही तसेच आहे. त्यांच्याशी आमची रोजची खडाजंगी असते, तरीही २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांचे सर्वेक्षण आणि जागा निश्चिती आधी व्हावी, असेच मी म्हणेन. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हटवलेला माणूस पाहुणे गेल्यावर परत येतोच.

शेवटी वेळेबद्दल. सकाळी दहा ते सायंकाळी पाच, सोमवारी बंद, असा सरकारी खाक्या ठेवलात, तर आमच्या गिऱ्हाइकांना त्या दालनाचा उपयोग शून्य आहे. बाजारात खरी वर्दळ सायंकाळी सहानंतर असते. गडकरी रंगायतनला रात्रीच्या प्रयोगाला येणारे कुटुंब तासभर आधी आले, तर त्याला जायला आज तलावपाळीशिवाय दुसरे काय आहे? दुपारी एक ते रात्री नऊ, अशी वेळ मागा.

दप्तरखाना

मी एका संग्रहालयात कागदपत्रांच्या जतनाचे काम करते. वर इमारत, कारभार, भाडे आणि वेळ यांवर उत्तम लिहिले गेले आहे. संग्रहाबद्दल मात्र अजून कोणी काही विचारलेले नाही. दालनात ठेवणार काय? पहिल्या रेल्वेगाडीवर एक भिंत भरेल, साहिब, सिंध आणि सुलतान या तीन एंजिनांची नावे मुले पाठ करतील, आणि त्यानंतर काय, हा प्रश्न तसाच राहील. ठाण्याजवळ दाखवण्यासारखे पुष्कळ आहे, फक्त ते एका छताखाली नाही आणि त्यातले बरेचसे आणताही येणार नाही. शिलाहार राजांची राजधानी असलेले श्रीस्थानक, म्हणजेच जुने ठाणे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतलेला किल्ला. १८७९ मधील बेने इस्रायली (ज्यू) समाजाचे शार हशमाइम हे प्रार्थनामंदिर. तलावाकाठचे कौपिनेश्वर मंदिर आणि तेथून हाकेच्या अंतरावरचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये सुरू झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय. या जिवंत, वापरातल्या जागा आहेत. त्यांच्यातून फिरण्याचा आखीव मार्ग आणि त्या मार्गाच्या तोंडाशी एक लहान, नेटके दालन, एवढे केले तरी सुरुवातीला पुरे आहे. रुळांपलीकडे चेंदणी कोळीवाड्यापर्यंत तो मार्ग नेला, तर खाडी आणि मीठबंदरही त्यात येतील. पूर्वेकडच्या लोकांना प्रत्येक योजनेत वगळले जाते, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

दालनासाठी नवी इमारत लागेलच असे नाही. महापालिकेच्या एखाद्या जुन्या शाळेचा वापरात नसलेला मजला चालेल, मात्र तो तळमजल्याच्या वर असावा आणि त्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी नसावी. हे मी गमतीने म्हणत नाही. संग्रहांचे सर्वाधिक नुकसान मी गळतीमुळे झालेले पाहिले आहे.

इमारतीची वाट न पाहता संग्रह मोहीम आजपासून सुरू करता येईल. नौपाड्यातील जुने वाडे आणि चाळी पाडल्या जात असताना माळ्यावरच्या ट्रंका भंगारात जातात आणि त्यांत रेल्वेचे पास, लग्नपत्रिका, नाटकांची हस्तपत्रके, गिरणी-कारखान्यांची ओळखपत्रे असतात. परवाच एका कुटुंबाने प्रेमाने जपलेले नाटकाचे हस्तपत्रक आमच्याकडे आणले. ते चिरकाल टिकावे म्हणून त्यांनी ते लॅमिनेट केले होते. त्या उष्णतेत जुनी शाई पसरली होती, घडीवर लावलेल्या चिकटपट्टीचा तपकिरी डाग कागदात उतरला होता आणि कोपऱ्यातील टाचणीचा गंज आता प्लॅस्टिकच्या आत कायमचा बंद झाला होता. तो थर सोडवण्याचा कोणताही सुरक्षित उपाय आमच्याकडे नाही. त्यामुळे आवाहन करताना तीन ओळी ठळक छापा: लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, टाचण्या अलगद काढून कागद आम्लरहित लिफाफ्यात ठेवा. मूळ कागद मागण्याचाही आग्रह नको. उत्तम स्कॅन करून तो घरी परत दिला, तरी संग्रह उभा राहतो आणि देणारा माणूस कायमचा जोडला जातो.

नौपाडेकर

तिघांचेही मनापासून आभार. मसुद्याची मांडणी आता बदलत आहे: विश्वस्त मंडळ व चालू खर्च, बाजाराचे वेळापत्रक, संग्रह मोहीम, आणि मग जागा. तरीही किल्ल्याचा आग्रह धरणारी मंडळी ऐकायला तयार नाहीत. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल १९१० मध्ये याच कारागृहात फाशी दिले गेले, पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये याच किल्ल्यातून निसटले. एवढे मोठे स्थळ सोडून शाळेच्या मजल्यावर समाधान का मानायचे, असे ते विचारतात, आणि मला त्यावर नीट उत्तर देता येत नाही. त्याशिवाय, महापालिकेत ‘आकडे काय आहेत’ असे विचारले जाईल, त्याची तयारी कशी करावी?

खाडीपलीकडचा

किल्ल्याची मागणी सोडू नका, तिला दुसऱ्या टप्प्यात ठेवा. चालू कारागृह हलवायचे म्हणजे पर्यायी जमीन, नवे बांधकाम, न्यायालयात कैद्यांची ने-आण आणि गृह विभागाचा निर्णय, या साऱ्या गोष्टी महापालिकेच्या हाताबाहेरच्या आहेत. संपूर्ण निवेदन त्यावर अवलंबून ठेवले, तर ‘शासनाकडे पाठवले’ एवढे उत्तर मिळेल आणि बाकीच्या मागण्याही त्याच धारिकेत अडकतील. तोवर तटाच्या बाहेरून जाणारा मार्ग, तेथे एक नीट लिहिलेला माहितीफलक आणि १९ एप्रिल या फाशीच्या दिवसाचा कार्यक्रम यांना कोणाचीही हरकत नसावी.

आकड्यांसाठी सल्लागार नेमण्याची गरज नाही. कॉलेजची मुले घ्या आणि स्थानकाबाहेर, जांभळी नाक्यावर, तलावाच्या रंगायतनकडील कडेला आणि ग्रंथसंग्रहालयाच्या दाराशी त्यांना उभे करा. एक कामाचा वार आणि एक रविवार, दुपारी चार ते रात्री नऊ, दर पंधरा मिनिटांना किती माणसे गेली आणि त्यांतील किती पाच मिनिटांपेक्षा अधिक थांबली, एवढेच टिपायचे. थांबलेल्यांपैकी काहींना ते का थांबले आणि कोठून आले, हे विचारावे. दिवाळीचा किंवा पाडव्याच्या स्वागतयात्रेचा आठवडा टाळा. त्या गर्दीवरून काढलेला सरासरी आकडा कोणीही दोन मिनिटांत खोडून काढेल. पावसाळ्यात हीच मोजणी पुन्हा करा, कारण छत नसलेली जागा जूनपासून चार महिने वापरात नसते, आणि प्रकल्प अहवाल करणारे बहुधा डिसेंबरात पाहणी करतात.