मॉडेलरला एफआरएफआर नको, पॉवर अँप आणि खरी कॅब घ्या (माझं मत, विरोध असेल तर बोला)

कोथरूडचा_स्ट्रॅट
दोन वर्षं एचएक्स स्टॉम्प हा मॉडेलर (गिटार अँप, कॅब, इफेक्ट्सची डिजिटल नक्कल करणारा पेडल) वापरतोय, त्यातलं पहिलं वर्ष एफआरएफआरवर गेलं. एफआरएफआर म्हणजे फुल रेंज फ्लॅट रिस्पॉन्स, थोडक्यात छोटा पीए स्पीकरच. आता मत पक्कं झालंय की ज्याला ड्रमरच्या शेजारी उभं राहून वाजवायचंय त्याने छोटा क्लास डी (म्हणजे ट्यूब नसलेला, हलका) पॉवर अँप आणि 12 इंची गिटार स्पीकरची एक कॅब (स्पीकरची पेटी) घ्यावी.

कारण असं की मॉडेलरमधल्या आयआरमध्ये (इम्पल्स रिस्पॉन्स, कॅबच्या आवाजाचा डिजिटल ठसा) नुसती कॅब नसते, कॅबसमोर लावलेला माइक आणि त्याची जागा सुद्धा त्यात आलेली असते. हेडफोनवर ते भारी वाटतं कारण आपण गाणी तशीच ऐकत आलोय, पण तोच प्रीसेट जॅम रूममध्ये एफआरएफआरवर लावला की कुणीतरी दुसऱ्या खोलीत वाजवतंय आणि त्याचा आवाज आपल्याकडे पाठवलाय असं वाटायचं मला. खरा गिटार स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या आसपास वरचं सगळं सोडून देतो, म्हणून सिंबलच्या जागेत गिटार घुसतच नाही आणि मिड्स छातीवर येतात.

माझ्याकडे सेमोर डंकनचा पॉवरस्टेज 170 आणि बंद पाठीची 1x12 कॅब, आत सेलेस्टियन व्हिंटेज 30. स्टॉम्पमध्ये आयआर बंद, अँपचं मॉडेल पूर्ण चालू. बास.

ठाण्याचा_साउंडवाला
मित्रा, तुझ्या अनुभवाबद्दल वाद नाही पण स्टेजच्या खाली उभं राहून ऐकलंयस का कधी? मी 15 वर्षं लाइव्ह मिक्स करतोय. 12 इंची स्पीकर हाय फ्रीक्वेन्सी टॉर्चसारख्या सरळ रेषेत फेकतो. कॅब जमिनीवर, तुझे कान तिच्या दीड मीटर वर, त्यामुळे तुला आवाज बोथट वाटतो, तू ट्रेबल वाढवतोस, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानात सुई जाते. तो येऊन मला सांगतो गिटार कमी करा, आणि मी काय कमी करणार, ती माझ्या फेडरमधून (मिक्सरवरची लेव्हलची पट्टी) येतच नाहीये, तुझ्या कॅबमधून थेट येतेय. छोट्या पबमध्ये तर निम्मं मिक्स असंच हातातून जातं.

मॉडेलरचा सगळ्यात मोठा फायदाच हा की मला एक स्वच्छ लाइन मिळते. ती दे, स्वतःसाठी वेज (स्टेजवरचा तिरका मॉनिटर स्पीकर) किंवा एफआरएफआर कमी आवाजात ठेव. तुला जे ऐकू येतंय तेच लोकांना ऐकू येतंय ही खात्री कॅब कधीच देणार नाही.

ड्रॉप_डी_दादर
साउंडवाले दादांशी सहमत. आणि दुसरं म्हणजे व्हिंटेज 30 लावला की तुझ्या मॉडेलरमधल्या सगळ्या कॅब संपल्या ना! मी लग्नाच्या आणि कॉर्पोरेट शोमध्ये वाजवतो, एका रात्रीत ॲकूस्टिकचा आवाज पाहिजे, फंकी क्लीन पाहिजे, नंतर एकदम हाय गेन. पिएझोचा (ॲकूस्टिकसारखा आवाज देणारा पिकअप) आवाज गिटार कॅबमधून काढून बघ, घोंगडीखाली ठेवल्यासारखा येतो, वरची चमक जिथे असते तिथे तुझा स्पीकर चालतच नाही. मला एकाच कॅबशी लग्न लावायचं असतं तर मॉडेलर कशाला घेतला असता, साधा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) घेतला असता.

नळीवाला
दोघांचंही अर्धंच. मुद्दा पॉवर अँपचा आहे. कॅबवर 8 ओम लिहिलेलं असतं म्हणून ती सगळीकडे 8 ओम नसते, खाली रेझोनन्सला (स्पीकर स्वतःहून घुमतो त्या फ्रीक्वेन्सीला) इम्पिडन्स, म्हणजे ओममधला विरोध, कितीतरी पट वर जातो आणि हायमध्ये परत चढत जातो. ट्यूब अँप त्या चढउताराला प्रतिसाद देतो, तिथे जास्त ढकलतो, म्हणून बास फुगतो आणि वरती धार येते. क्लास डीला त्याचं काही नाही, तो सगळीकडे सारखाच व्होल्टेज देतो. म्हणून लोक म्हणतात आवाज बरोबर आहे पण मेलाय. मी ईएल34 (एक पॉवर ट्यूब) वाल्या ट्यूब पॉवर अँपवर मॉडेलर लावतो आणि परत जायची इच्छा नाही.

कोथरूडचा_स्ट्रॅट
@नळीवाला हे कॉम्बो अँपच्या तुलनेत खरंय, पण मॉडेलर तो चढउतार आणि सॅग (जोरात वाजवल्यावर ट्यूब अँप किंचित दबतो ते) स्वतःच गणितात धरतो ना, म्हणूनच तर क्लास डीवर पूर्ण अँप मॉडेल चालू ठेवायचं असतं. तुझ्यासारखं ट्यूबवर लावायचं तर नुसतं प्रीअँपचं (पॉवर अँपच्या आधीचा, टोन ठरवणारा भाग) मॉडेल घ्यायला पाहिजे, हेलिक्सच्या (स्टॉम्प त्याच घराण्यातला) यादीत ते वेगळे दिलेत. नाहीतर पॉवर अँप दोनदा लागतो आणि बास चिखल होतो. आणि ट्यूबवाला स्पीकर न जोडता चालू केला तर ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, घाईघाईच्या साउंड चेकमध्ये ही भीती मला नको.

@ठाण्याचा_साउंडवाला दादा, टॉर्चचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी आता कॅब मागे कलती ठेवतो, स्पीकर माझ्या कानाकडे, लोकांच्या गुडघ्यांकडे नाही. आणि लाइन मी तुम्हाला देतोच की! स्टॉम्पमध्ये सिग्नल दोन वाटांना फोडायचा, एकावर आयआर लावून लेफ्टमधून तुमच्याकडे, दुसरी आयआरशिवाय राइटमधून पॉवर अँपला. कॅबचा आवाज मी पॉवर अँपच्या लेव्हलने कमी केला तरी तुमच्या फेडरवर काही फरक पडत नाही.

न्यूजर्सी_रिफ
वॉटवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. व्हिंटेज 30 ची सेन्सिटिव्हिटी 100 डीबी आहे, म्हणजे 1 वॉटला 1 मीटरवर 100. 50 वॉट दिले की कागदावर 117 होतात, कोणत्याही ड्रमरला पुरेसे. 97 डीबीचा स्पीकर घेतला तर त्याच आवाजाला दुप्पट वॉट लागतात. लोक महिनाभर पॉवर अँपवर वाद घालतात आणि स्पीकरच्या कागदावरची ही एक ओळ वाचत नाहीत.

पॉवरस्टेजचे 170 वॉट 4 ओमला आहेत, तुझ्या 8 ओमच्या एका कॅबवर साधारण निम्मे येणार, आणि स्पीकर आहे 60 वॉटचा, तेव्हा नॉब जपून. उद्या दुसरी 8 ओमची कॅब पॅरलल लावलीस तर 4 ओम होतात, त्याला चालतं. पण इलेक्ट्रो हार्मोनिक्सच्या 44 मॅग्नम या छोट्या पॉवर अँपला 8 ओमच्या खाली जायचं नाही, हे बघूनच घ्या. आणि स्वस्त एफआरएफआरवर 2000 वॉट लिहिलेलं असतं ते पीक (क्षणभराचं), त्यापेक्षा मॅक्स एसपीएल (कमाल आवाज, डीबीत) बघा.

एक मधला रस्ताही आहे. सेलेस्टियनचा एफ12-एक्स200, 12 इंची, 200 वॉट, आत हायसाठी वेगळा ड्रायव्हर. साध्या गिटार कॅबमध्ये बसवायचा, आयआर चालू ठेवायचे, आणि पॉवर अँप तोच. मी दोन वर्षं हाच वापरतोय, दादरवाल्याचा ॲकूस्टिकचा प्रश्न यात सुटतो.

सेकंड_इयर_नाशिक
दादा लोकहो हे सगळं घ्यायला पैसे नाहीयेत, आमच्या जॅम रूममध्ये जुना जेसी-120 (रोलँडचा ट्रान्झिस्टर कॉम्बो) पडलाय, त्याच्या इनपुटमध्ये मॉडेलर लावला तर आवाज भयानक कर्कश येतो. काय करू?

ठाण्याचा_साउंडवाला
इनपुटमध्ये नको रे लावू, प्रीअँपवर प्रीअँप होतोय तो. मागे इफेक्ट्स लूपचा रिटर्न (प्रीअँप टाळून पॉवर अँपला जाणारा जॅक) आहे, तिथे लाव, आयआर बंद कर, अँप मॉडेल चालू ठेव. फुकटचा पॉवर अँप आणि दोन 12 इंची स्पीकर मिळाले. तरी चकचकीत वाटला तर 5 किलोहर्ट्झच्या आसपास हाय कट दे, म्हणजे त्यावरचं कापून टाक. आणि पुढे कधी वेगळी कॅब घेतलीस तर पॉवर अँप ते कॅब स्पीकर केबलच वापर, गिटारची केबल नाही. बारीक तार तापते, मी जळलेली बघितलीये.

ड्रॉप_डी_दादर
@कोथरूडचा_स्ट्रॅट पहिल्या वर्षी एफआरएफआरवर तुझे प्रीसेट कुठे बनवले होतेस? घरी, हळू आवाजात? मग दोष स्पीकरचा नाही. हळू आवाजात कानाला बास आणि हाय कमी ऐकू येतात म्हणून आपण ते भरतो, तोच प्रीसेट 100 डीबीला नेला की खाली गुरगुरतो आणि वर टोचतो. जॅम रूममध्ये पूर्ण आवाजात एक तास बस, लो कट 100 हर्ट्झ, हाय कट 6 किलोहर्ट्झ, आणि मग सांग.

कोथरूडचा_स्ट्रॅट
घरीच बनवले होते, रात्री, शेजाऱ्यांच्या धाकात. हे मी खरंच तपासलं नव्हतं. एफआरएफआर अजून विकलेला नाही, रविवारी सिंहगड रोडच्या जॅम रूमला दोन्ही नेतो आणि आवाज मीटरवर सारखा करून ड्रमरबरोबर वाजवतो. कॅबच जिंकेल असं मला अजूनही वाटतंय.

नळीवाला
ट्यूब पॉवर अँप मी आणतो. किती वाजता?