शब्दचर्चा : शैवाकाची ‘जाती’ की ‘प्रजाती’? आणि ‘नर-मादी शैवाक’?

(सालपट, बीजुक आणि पातळ द्रावण ही चर्चेत बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

सालपट : एका अनुवादात ‘शैवाकाच्या प्रजाती डीएनएवरून ठरवल्या’ आणि ‘नर व मादी शैवाक’ असं आहे. चालेल का?

बीजुक : आधी शैवाक आणि शेवाळ यांची गल्लत नको. शैवाक (लायकेन) म्हणजे कवक (बुरशी) आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड. ‘दगडफूल’ शब्द गोड आहे, पण शैवाक झाडाच्या सालीवरही वाढतं. विश्वकोशी मराठीत स्पीशीज म्हणजे ‘जाती’ आणि जीनस म्हणजे ‘प्रजाती’. हिंदीत स्पीशीजला ‘प्रजाति’ म्हणतात, म्हणून वर्तमानपत्रांत घोळ होतो. एका लेखात एकच पद्धत पाळा.

सालपट : पण डीएनए कुणाचा? बिऱ्हाडकरू तर दोन!

बीजुक : नियमाने शैवाकाचं शास्त्रीय नाव कवकाचंच असतं, म्हणून जाती ठरवताना डीएनएही कवकाचा वाचायचा. जाती ओळखायला वाचला जाणारा डीएनएचा नेहमीचा तुकडा म्हणजे आयटीएस, साधारण 500 ते 700 अक्षरांचा. हा शैवालातही असतो, म्हणून कवकाकडे झुकणारा आयटीएस1-एफ प्रायमर (हव्या तुकड्याच्या टोकाला चिकटणारा छोटा डीएनए) आयटीएस4 या दुसऱ्या प्रायमरसोबत वापरतात. डीएनए वाचून मिळणाऱ्या आलेखात जागोजागी दुहेरी शिखरं दिसली, तर शैवाल किंवा शैवाकावर वाढणारं दुसरंच कवक आत शिरलंय असा संशय घ्या.

पातळ द्रावण : नमुना भिंगाखाली कडेचा स्वच्छ घ्या, 10-20 मिलिग्रॅम पुरतो. आधी ॲसिटोनने धुवा, कारण शैवाकाम्लं (शैवाकातली आम्लं) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवतात. पीसीआरनंतरच्या तपासणीत डीएनएचा पट्टा आला नाही तर डीएनए वाढवू नका, उलट दहापट पातळ करा; अडथळा आणणारी द्रव्यंही पातळ होतात. अशाच वाचनातून 2014 मध्ये एक समजल्या जाणाऱ्या कोरा शैवाकाच्या 126 जाती निघाल्या. उलटही घडतं : पिवळसर ब्रायोरिया टॉर्टुओसा आणि तपकिरी ब्रायोरिया फ्रेमोंटाय यांच्या कवकांत वेगळ्या जाती मानण्याइतका फरक सापडला नाही.

बीजुक : ‘नर-मादी’ मात्र खोडाच. या कवकांत एकाच कायकावर (शैवाकाच्या शरीरावर) शुक्राणूसारख्या पेशी आणि त्या स्वीकारणारे तंतू दोन्ही असू शकतात. जुळतं की नाही हे डीएनएतल्या एमएटी नावाच्या स्थानावरच्या जनुकावरून ठरतं : एमएटी1-1 किंवा एमएटी1-2. म्हणून ‘संयोग-प्रकार’ म्हणा. लोबारिया पल्मोनारियाला वेगळ्या प्रकारचा जोडीदार लागतो, झँथोरिया पॅरिएटिनाला लागत नाही. माझ्या मते यांना अनुक्रमे ‘परसंयोगी’ आणि ‘स्वसंयोगी’ हे शब्द बरे. ‘एकलिंगी-द्विलिंगी’ फुलांसाठी राहू द्या.

पातळ द्रावण : संयोग-प्रकार तपासताना फळाची वाटी (कवकाची बीजुकं जिथे तयार होतात तो वाटीसारखा भाग) दळू नका. तिच्यात दोन्ही पालकांची केंद्रकं असतात, त्यामुळे दोन्ही एमएटी दिसतात आणि परसंयोगी जातीला स्वसंयोगी ठरवलं जातं. कायकाच्या कडेचा तुकडाही बेभरवशाचा, कारण शेजारची दोन कायकं एकमेकांत मिसळून वाढलेली असू शकतात. खात्री हवी तर एकाच ॲस्कसमधली (बीजुकांच्या पिशवीतली) आठही बीजुकं वेगवेगळी रुजवा. एमएटीचे दोन प्रकार चार-चार निघाले की ती परसंयोगी.

सालपट : मग ‘बीजुक’ की ‘बीजाणू’?

बीजुक : दोन्ही चालतात. सोरेडियाला (शैवाकावरच्या भुकटीला) मात्र यातलं काहीच म्हणू नका. त्या भुकटीच्या कणात कवकाचे तंतू आणि शैवालाच्या पेशी दोन्ही असतात, बीजुकात फक्त कवक.