नायक बदलला नाही तर कथा उभी राहते का?

रामबागकर
दिवाळी अंकांच्या कथा लिहायचे दिवस आहेत, म्हणून विषय काढतो. परवा इथे इंदुरात आमच्या घोळक्यात एक कथा वाचली गेली. हुकुमचंद कापड मिलमधला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, मिल बंद पडते, तो देणी मिळायची वाट बघत बसतो. भाषा झकास, पाऊस तर पानोपानी. पण माणूस पहिल्या पानावर जिथे होता तिथेच शेवटी. वाचकाने मग प्रवास कुणाबरोबर करायचा?

मी आधी शेवटची कृती ठरवतो. पहिल्या पानावरच्या माणसाने जी मेला तरी केली नसती, अशी. मग मागे यायचं: तो काय घट्ट धरून बसलाय? हा जॉबर घ्या. ‘मिलचा माणूस दुकानात थानं उलगडत बसत नाही’ म्हणून तो पोराला कापडबाजारातली नोकरी धरू देत नाही. मध्यावर त्याला हा ताठा सोडायची संधी द्या आणि ती त्याने धुडकावली पाहिजे. त्यापायी घरातलं काहीतरी कायमचं जायला हवं. हे नुकसान सोसल्यावरच शेवटी तो स्वतः पोराचा डबा घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहिलेला पटेल. एरवी बदल फुकटचा वाटतो.

खोचक_इंदुरी
प्रत्येक वाल्याचा वाल्मीकी झालाच पाहिजे, असा काय सरकारी नियम आहे का भिया? मिल 1991 ला बंद पडली, देणी मार्गी लागली 2023 च्या डिसेंबरात. मधल्या बत्तीस वर्षांत त्या जॉबरने सुधारायचं की तग धरायचा? जग फिरतं आणि तो हटत नाही, हीच त्याची कथा. तुमच्या साच्यात घातला की शेवटी ‘बापाला अक्कल आली’ एवढंच उरतं. म्हणजे मिल बुडाली ती बाजूलाच, दोष बापाच्या ताठ्याचा!

आणि आपल्याच गावचे काकाजी विसरलात? पुलंच्या ‘तुझे आहे तुजपाशी’त तो माणूस पडदा उघडताना जसा आहे तसाच पडदा पडताना. नाटक तरीही त्यांचंच.

रामबागकर
काकाजी हलत नाहीत, कबूल. पण त्याच नाटकातल्या आचार्यांचा पीळ सुटतोच ना? बदल कुणाच्या तरी वाट्याला आलाय. तुमच्या जॉबरच्या कथेत तो कुणाच्या वाट्याला, तेवढं सांगा.

नर्मदाकाठची_मावशी
तुम्ही दोघं बदल व्हावा की नको यावर भांडताय. मला तो कुठे दाखवायचा याची जास्त काळजी वाटते.

अहिल्याबाईंवरची शाळेतली नाटकं आठवा. 1754, कुंभेरचा वेढा, खंडेराव पडतात. बाई सती जायला निघतात, मल्हारराव अडवतात, सासरे-सुनेचं रडणं, पडदा. पुढच्या प्रवेशात हातावर शिवलिंग, पांढरी साडी, लोकमाता तयार! राज्यकारभार त्यांच्या हाती आला 1767 मध्ये. मधली तेरा वर्षं विंगेत कपडे बदलण्यात गेली.

खरा ऐवज त्या तेरा वर्षांत आहे. 1765 च्या एका पत्रात मल्हारराव सुनेला लिहितात की चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, तोफांच्या दारूगोळ्याची तजवीज कर, वाटेवर चौक्या बसव. रडणाऱ्या सुनेला कुणी असं लिहीत नाही. हे ज्या बाईला लिहिलं ती आधीच बदललेली आहे, आणि तो क्षण कुणी पाहिलेला नाही. मी लिहिलं तर कुंभेर दोन ओळींत उरकेन आणि दारूगोळ्याचा हिशेब तपासणारी बाई चार पानं दाखवेन. पहिल्यांदा कारकुनाने दिलेला आकडा तसाच मान्य करणारी, नंतर त्याला परत मोजायला लावणारी. धक्क्याने माणूस हादरतो हो, बदलतो तो रोजच्या कामात.

खोचक_इंदुरी
मावशी, हे आवडलं. पण यावरून माझंच खरं ठरतं! कर्तबगारी बाईंच्या अंगात होतीच, मल्हाररावांनी तिला वाव दिला. बदललं ते आपल्याला त्यांच्याबद्दल जे माहीत होतं ते.

नर्मदाकाठची_मावशी
अंगात असणं आणि हातात येणं यांत अंतर असतं, बाळा. पोहता येतं म्हणून कुणी नर्मदेच्या पुरात उडी घेत नाही.

साडेतीन_पानं
जॉबरची कथा माझीच. इतका वेळ गप्प वाचत होते. रामबागकर काका, पाऊस कमी करते. पण जॉबरला दुकानाच्या पायरीवर नाही नेणार. त्याने पोराला अडवलं ते मला बरोबरच वाटतं. त्याला हुनर येत होता, पगार थकला होता, त्याने का वाकायचं? मावशींचं घेते: आता पोराची रोजची कामं दाखवणार. बापाचे अर्ज झेरॉक्स करणं, वकिलाकडे चकरा. आधी चिडून, मग बापाच्याच आवाजात बाबूशी भांडत.

रामबागकर
म्हणजे बदलतो पोरगा! तेच म्हणत होतो मी.

खोचक_इंदुरी
बदलत कसला, बापावर गेला.

रामबागकर
बरं, मग एवढंच ठरवा ताई: 2023 ला पैसे येतात तेव्हा जॉबर जिवंत आहे, की वारस म्हणून पोरगा सही करतो? त्यावर तुमचं पहिलं पान ठरेल.