मदत हवी आहे: म्हशींच्या खुराकात बुरशी, तपासणी कुठे करता येईल?

नमस्कार मंडळी. गोरेगावला आरेत आमचा छोटा तबेला आहे, 22 म्हशी. सरकी पेंड महागली म्हणून यंदा मक्याचं डीडीजीएस घेतलं, म्हणजे इथेनॉल काढून उरलेला चोथा. पावसात गोण्या भिंतीला टेकून राहिल्या (चूक माझीच) आणि आता खालच्या थराला कुबट वास येतोय, गाठी झाल्यात. चार-पाच म्हशींनी खुराक अर्धवट टाकलाय, दूधही उतरलंय.

गडी म्हणतो, दोन दिवस उन्हात घाला, होईल ठीक. पण उन्हाने बुरशी सुकते, तिने सोडलेलं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, तसंच राहतं ना? शिवाय मक्यातला स्टार्च निघून गेल्यामुळे मूळ दाण्यात विष असेल तर चोथ्यात ते साधारण तिप्पट होतं. माल येतानाच खराब होता की माझ्याकडे बिघडला, हेही कळायला हवं. म्हणून वरची कोरडी गोणीही तपासायची आहे.

खरी धास्ती दुधाची. अफ्लाटॉक्सिन बी1 म्हशीच्या पोटात गेलं की त्याचं एम1 हे दुसरं रूप होऊन दुधात उतरतं, उकळूनही जात नाही. दुधात एम1ची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. गिऱ्हाइकांच्या घरी लहान मुलं आहेत हो.

तो खुराक कालपासून बंद केलाय. मुंबईत खाद्य आणि दूध दोन्ही तपासून देणारी लॅब कोणती? परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात बाहेरचे नमुने घेतात का? नमुना किती न्यायचा? टॉक्सिन बाइंडर (खुराकात मिसळतात, पोटात विष धरून ठेवायला) कुणी वापरलाय का, खरंच फरक पडतो?