शाळेत तपासणी झाली, चिठ्ठी दिली. आता जायचं कुठं? (सोलापूर)

टॉवेलवाली
नमस्कार. मुलगी सहावीत आहे, महापालिकेच्या शाळेत. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत डॉक्टरांची गाडी आली होती. सगळ्या पोरांना तपासलं आणि हिच्या हातात एक चिठ्ठी दिली. ती मला परवा सापडली, कंपासपेटीत, घडी घालून घालून बिडीच्या थोटकाएवढी केलेली. का दाखवली नाहीस विचारलं तर म्हणे, तू ओरडशील. ओरडले असतेच, खोटं कशाला सांगू.

चिठ्ठीवर लिहिलंय : उजवा 6/18, डावा 6/24. खाली 'फिकटपणा'. आता पोरगी बापासारखी सावळी, हिचा फिकटपणा कुठनं दिसला यांना?

चिठ्ठी घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेले (कुठला ते लिहीत नाही). खिडकीवरचा म्हणाला, डोळ्याचे डॉक्टर शुक्रवारी. शुक्रवारी गेले तर म्हणे शिक्का नीट उमटला नाही, शाळेतनं दुसरी आणा. दोन खाडे झाले. मी घरी टॉवेलच्या कडा शिवते, नगावर पैसे. हिचे बाबा यंत्रमागावर कामाला, त्यांना रजा नाही. त्यात पाणी यायच्या दिवशी घर सोडता येत नाही, ते सोलापूरकरांना सांगायला नको. चष्म्याच्या दुकानात 1,400 सांगितले.

आणखी एक. शाळेत दर सोमवारी निळी गोळी देतात. हिला मळमळतं, म्हणून तोंडात धरून नळापाशी जाऊन थुंकते, हे तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. शेजारीण म्हणते असल्या गोळ्यांनी पोरींना पुढं त्रास होतो, बंद कर. करू का?

शेंगाचटणी
ताई, 1,400 देऊ नका अजून. माझ्या पोराला शाळेच्या तपासणीतनंच चष्मा मिळाला, फुकट. फ्रेम काय हिरोची नव्हती, पण फळा दिसतोय ना.

6/18 म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला 18 मीटरवरनं जे वाचता येतं, ते तुमच्या पोरीला 6 मीटरवर यावं लागतं. डावा त्याहून कमी. वहीतलं तिला दिसत असणार, म्हणून घरी कुणाच्या लक्षात येत नाही. आमचा तर शेजारच्याचं बघून उतरवायचा आणि आम्ही समजायचो, कॉपी करतोय.

पथकातला_एकजण
मी जिल्ह्यातल्या एका तालुक्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात औषधनिर्माता आहे. पथकात दोन डॉक्टर (त्यातल्या एक बाई), एक नर्स आणि माझ्यासारखा एक. अंगणवाडीला वर्षातनं दोनदा, शाळेला एकदा. 2013 पासून चाललंय. जन्मतःचं व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि वाढीत मागं पडणं, या चार गोष्टी आम्ही बघतो, 18 वर्षांपर्यंत.

चिठ्ठीची काळजी सोडा. आमच्याकडं रजिस्टरला मुलीचं नाव आणि शेरा असतो. मुख्याध्यापकांना सांगा, ते पथकाला फोन करतील, दुसरी चिठ्ठी मिळेल. शिक्का अंधुक म्हणून बाईला परत पाठवणं चूकच, पण आमचंही चुकतं. एका दिवसात अख्खी शाळा उरकायची असते, चिठ्ठी लेकराच्या हातात द्यायची आणि गाडी पुढच्या गावाला. ती पालकांपर्यंत पोचली का हे बघायला मागं कुणी थांबत नाही. चिठ्ठी कंपासपेटीत राहिली, यात नवल नाही.

फिकटपणा रंगावरनं ठरत नाही. खालची पापणी ओढून आतली बाजू बघतात, जीभ बघतात, नखं बघतात. तिथं लाली नसेल तर रक्त कमी. पण हा नुसता अंदाज असतो. हिमोग्लोबिन तपासून घ्या, आकडा कळू दे.

निळ्या गोळीबद्दल. लोह आणि फॉलिक ॲसिड आहे त्यात, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी. लहान पोरांना गुलाबी. पुढं त्रास वगैरे काही होत नाही. शी काळी होते, त्याला घाबरू नका. मळमळ बहुतेक उपाशीपोटी होते. शाळा किती वाजता आणि घरनं काय खाऊन जाते?

टॉवेलवाली
सात दहाची. चहा आणि बटर. गोळी पहिल्याच तासाला देतात म्हणे.

पथकातला_एकजण
मग बरोबर आहे. उपाशी पोट, वरनं चहा. चहामुळं लोह अंगी लागत नाही, दोन्हीत दोन तास तरी अंतर पाहिजे. बाईंना म्हणावं, गोळी शाळेतल्या खिचडीनंतर द्या. घरी लिंबू पिळलेली डाळ, आवळा, काहीही आंबट चालतंय.

आणि हे नीट वाचा : आठवड्याची गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. आधीच कमी असेल तर तेवढ्यानं भागत नाही. डॉक्टर रोजची गोळी देतील, काही महिने. जंताची गोळी चुकवली असेल तर तेही सांगा.

दहावीचा_बाप
मध्येच विचारतो, माफ करा. पोरगा रात्रभर जागा असतो, जेवत नाही, विचारलं की अंगावर येतो. हे पथक मनाचं काही बघतं का?

निवृत्त_बाई
दहावीचे बाबा, 14416 ला फोन लावा. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीसुद्धा लागतो. आधी तुम्ही स्वतः बोला, पोराच्या हातात फोन कोंबू नका.

टॉवेलवाली ताई, मी तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, पूर्व भागात. विडीकामगारांची, मागावरच्यांची पोरं. घरी तेलुगू, शाळेत मराठी. फळा दिसत नाही असं एकही मूल आपणहून सांगत नाही. त्याला वाटतं सगळ्यांनाच असं दिसतं. माझ्या वर्गात एक मुलगी फळ्याकडं बघताना मान तिरकी करून एक डोळा बारीक करायची. मी दोन वर्षं तिला 'नीट बस' म्हणत होते. दोन वर्षं!

चष्मा येईपर्यंत वर्गशिक्षिकेला सांगून तिला पहिल्या बाकावर बसवून घ्या. उद्याच. आणि शाळेत आरोग्याचं काम कुठल्या दोन शिक्षकांकडं आहे ते विचारा. 2020 पासून दर सरकारी शाळेत दोन शिक्षकांनी ते बघावं असं ठरलंय. पुष्कळ ठिकाणी नुसतं कागदावर असतं, पण नाव घेऊन विचारलं की माणूस हलतो. दवाखान्यात एकटीनं जाऊ नका, त्यांच्यापैकी एकाला आधी फोन करायला लावा. सिव्हिलला डोळ्यांचा वेगळा विभाग आहे. सकाळी जा, पाण्याचा दिवस सोडून.

टॉवेलवाली
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. बाई, तुमचं ऐकलं. शाळेतल्या सरांनी फोन केला आणि चिठ्ठी दोन दिवसांत आली, शिक्का असा ठळक की मागनं पण वाचता येतोय. रक्त 9.4 निघालं. डॉक्टर म्हणाले, अकरा वर्षांच्या मुलीला निदान 11.5 पाहिजे. रोजची गोळी चालू केली, रात्री जेवल्यावर देते आणि तोंड उघडून जीभ वर करायला लावते. चिडते, चिडू दे. सकाळचा चहा बंद, शेंगाचटणी-भाकरी खाऊन जाते. निदान अर्धी तरी.

चष्मा आला, पैसे पडले नाहीत. महिना लागला पण. दांड्या ढिल्या आहेत, नाकावरनं घसरतोय. तिच्या बाबांनी मागावरचं सूत पीळ घालून मागनं बांधून दिलंय. पहिल्या दिवशी घालून आली आणि मला म्हणाली, आई, तुझ्या नाकाला किती भोकं आहेत! बारीक बारीक. मला वाटलं चष्मा बिघडला.

एक राहिलं. खेळाच्या तासाला चष्मा काढून ठेवते, फुटेल म्हणून. ठेवू दे का?

शेंगाचटणी
घालूनच खेळू दे. काढून ठेवलेले आमचे दोन हरवलेत.