आईसाठी फाटकावरच्या कॅमेऱ्याचा पडदा: एकही बटण न दाबता चालणारी सोय कशी करावी?

प्रश्न : ओसरी

नमस्कार. माझी आई ७९ वर्षांची असून वाईजवळच्या आमच्या जुन्या घरात राहते. सकाळी स्वयंपाकाला आणि रात्री सोबतीला एक बाई येतात. मधला सगळा वेळ ती एकटीच असते. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, गुडघे दुखतात आणि उजव्या कानाने कमी ऐकू येते. फाटकाची कडी वाजली की खुर्चीतून उठायचे, भिंतीचा आधार घेत ओसरीपर्यंत जायचे आणि तिथे गेल्यावर कळायचे की कुणी चादरी विकायला आला आहे, हे रोजचेच झाले आहे. कोण आले आहे ते तिला बसल्या जागी दिसावे, म्हणजे उठायचे की नाही हे तिचे तिला ठरवता येईल, एवढीच आमची गरज आहे.

घरात चार कॅमेरे आधीपासून आहेत: एक फाटकाकडे तोंड करून, एक ओसरीत, एक परसदारी आणि एक गच्चीच्या जिन्यावर. ते सगळे जाड काळ्या केबलने वरच्या मजल्यावरच्या कपाटातील डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्र साठवणाऱ्या यंत्राला, जोडलेले आहेत. त्यांचे चित्र मला पुण्यात मोबाइलवर दिसते. पण जिच्या दाराशी माणूस उभा आहे तिलाच ते दिसत नाही, ही गोष्ट मला फार खटकते. आई साधा बटणांचा फोन वापरते. स्मार्टफोन तिला नको आहे आणि त्यासाठी तिच्या मागे लागणे मला योग्य वाटत नाही.

माजघरात तिच्या खुर्चीसमोर एक पडदा कायम चालू राहावा, त्यासाठी तिला रिमोट किंवा माउस हातात घ्यावा लागू नये, इंटरनेट बंद पडले तरी चित्र दिसत राहावे आणि वीज जाऊन आली की सगळे आपोआप पूर्ववत व्हावे, अशी माझी अपेक्षा आहे. कपाटापासून माजघरापर्यंत केबल भिंतीच्या कडेने आणायची तर साठ-पासष्ट फूट लागेल. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते. घरात इन्व्हर्टर आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद : तांब्याची तार

मी नाशिक भागात कॅमेरे बसवण्याचे काम करतो. तुम्हाला हवी असलेली सोय तुमच्या डीव्हीआरमध्ये बहुतेक आहेच. त्याच्या मागच्या बाजूला पडद्याची केबल लावण्यासाठी एचडीएमआय आणि व्हीजीए अशी दोन तोंडे असतील. त्यांपैकी एकाला पडदा जोडला की चित्र थेट डीव्हीआरमधून येते, त्यामुळे त्यासाठी इंटरनेट, वायफाय किंवा ॲप यांपैकी काहीच लागत नाही. वृद्ध माणसाच्या घरी हाच मार्ग सर्वांत भरवशाचा ठरतो, कारण त्यात मध्येच पासवर्ड मागणारे किंवा स्वतःहून अपडेट होणारे काही नसते.

अडचण अंतराची आहे. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे नेली की चित्र तुटू लागते आणि तुमचे अंतर वीस मीटरच्या आसपास भरते. त्यासाठी एचडीएमआय एक्स्टेंडरची जोडी मिळते: एक डबी डीव्हीआरपाशी, दुसरी पडद्यामागे आणि मध्ये कॅट-सिक्स, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कची केबल. केबल शुद्ध तांब्याचीच घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल एवढ्या अंतरावर त्रास देते. ती विजेच्या तारांच्या पट्टीतून न नेता वेगळ्या पट्टीतून न्यावी.

पडदा म्हणून टीव्ही न घेता संगणकाचा साधा २२ इंची एलईडी मॉनिटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या टीव्हीला काही तास कुणी रिमोट वापरला नाही की तो स्वतःहून बंद होतो. वीज परत आल्यावर बरेच टीव्ही लाल दिवा लावून वाट पाहत बसतात, नाहीतर स्वतःच्या मुखपृष्ठावर जाहिराती दाखवू लागतात. साधा मॉनिटर सहसा वीज परत आली की आपल्या आधीच्या स्थितीत येतो आणि सिग्नल मिळाला की उजळतो. तरीही दुकानातच त्याचा प्लग काढून पुन्हा लावून पाहावा आणि जो आपणहून सुरू होत नाही तो घेऊ नये. असा मॉनिटर साधारण २० वॅट घेतो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला १४-१५ युनिटे. घरात टीव्ही पडूनच असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये हॉटेल मोड आहे का ते पाहावे. तो असल्यास सुरू होताना कोणते इनपुट दाखवायचे हे कायमचे ठरवता येते.

डीव्हीआरमध्ये काही गोष्टी एकदाच कराव्या लागतील. सुरू होताना येणारा विझार्ड, म्हणजे सेटिंगचे प्रश्न विचारणारी पाने, बंद करावा, नाहीतर वीज परत आल्यावर पडद्यावर चित्राऐवजी प्रश्न दिसतील. लॉग-इन न करता थेट चित्र दिसण्याची परवानगी द्यावी. डीव्हीआरच्या आउटपुटचे रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, मॉनिटरशी जुळवावे. थेट चित्राची मूळ मांडणी चार चौकटींऐवजी एका चौकटीची करून तिथे फाटकाचा कॅमेरा ठेवावा. रेकॉर्डिंगवर याचा काही परिणाम होत नाही, ते चारही कॅमेऱ्यांचे चालूच राहते. सगळे झाले की माउस काढून कपाटात ठेवून द्यावा, म्हणजे साफसफाई करताना कुणाच्या हातून मेनू उघडणार नाही.

विजेबाबत एक महत्त्वाचे. डीव्हीआर, कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय, एक्स्टेंडरच्या दोन्ही डब्या आणि मॉनिटर हे सगळे इन्व्हर्टरच्याच लाइनवर हवे. यांतली एक डबी जरी साध्या लाइनवर राहिली तरी वीज गेल्यावर पडदा काळा होईल आणि बिघाड कुठे आहे ते सापडणार नाही. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असते. ते त्याच स्थितीत ठेवावे, म्हणजे वीज जाताना डीव्हीआर बंद होऊन पुन्हा सुरू होण्यात मिनिट-दोन मिनिटे जाणार नाहीत. सगळे बसवून झाल्यावर मेन स्विच बंद करून पाहावा. त्यानंतर इन्व्हर्टरही बंद करावा, थोडे थांबून दोन्ही चालू करावेत आणि कशालाही हात न लावता फाटक पडद्यावर येते का ते पाहावे. आल्याशिवाय बसवणाऱ्याला पैसे देऊ नयेत, हे मी स्वतः त्या धंद्यात असूनही सांगतो.

प्रतिसाद : आरामखुर्ची

मी स्वतः ८२ वर्षांचा आहे आणि माझ्या खोलीत असा पडदा आहे, म्हणून पाहणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

एकच मोठे चित्र हवे, हे वरचे म्हणणे अगदी खरे आहे. चार चौकटी असल्या की कोणती चौकट कुठली हे आठवण्यात वेळ जातो, आणि कडी वाजलेली असताना माणूस आधीच गडबडलेला असतो. चित्रे आळीपाळीने बदलत राहण्याची सोय तर मुळीच ठेवू नये. फाटक पाहायला मान वर करावी आणि नेमका गच्चीचा जिना दिसावा, याने जीव कावतो. हालचाल दिसली की तो कॅमेरा आपोआप मोठा होण्याची सोयही असते, पण वाऱ्याने फांदी हलली किंवा मांजर गेले तरी पडदा बदलतो आणि काही दिवसांनी माणूस त्याकडे पाहणेच सोडून देतो.

पडदा आई ज्या खुर्चीत बसतात तिच्यासमोर, बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल असा लावावा. भिंतीवर उंच लावलेला पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला छान दिसतो, पण मान वर करून पाहणे आमच्या वयात जड जाते. समोरच्या खिडकीचा उजेड काचेवर पडत नाही ना, हे दुपारी त्या खुर्चीत स्वतः बसून पाहावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच जणांना रात्री झगझगीत उजेडाचा त्रास होतो. मॉनिटर दुकानातून येतो तेव्हा त्याचा उजळपणा फार चढवलेला असतो. तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणावा. आई माजघरातच झोपत असतील तर पडद्याचा स्विच त्यांच्या हाताशी द्यावा, म्हणजे झोपताना त्यांना तो बंद करता येईल.

कडीचा आवाज कमी ऐकू येत असेल तर पडदा असूनही त्यांना वेळेवर वर पाहण्याचे कळणार नाही. आवाजाबरोबर दिवा लुकलुकणारी बिनतारी घंटा मिळते; तिचे बटण फाटकावर आणि घंटा पडद्याच्या शेजारी लावावी.

आणि एक विनंती. ओसरीतला कॅमेरा घराच्या आत किती पाहतो, हे आईंना एकदा पडद्यावर दाखवा आणि तो तसा राहू द्यायचा का हे त्यांना विचारा. आपले उठणे-बसणे मुलांना दूरवरून दिसते, हे प्रत्येकाला रुचतेच असे नाही, आणि ते न रुचणे हा त्यांचा हक्क आहे. त्या नको म्हणाल्या तर कॅमेऱ्याचे तोंड बाहेर वळवावे.

प्रतिसाद : दूरचा लेक

माझे आईवडील डोंबिवलीत फ्लॅटमध्ये राहतात आणि मी परदेशात असतो. आमच्याकडे डीव्हीआर नव्हता, दाराबाहेर एकच वायफाय कॅमेरा होता. तशी स्थिती असलेल्या वाचकांसाठी लिहितो. कॅमेरा आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ या, इतर उपकरणांनाही समजणाऱ्या ठरावीक पद्धतीने चित्र देत असेल, तर घरातल्याच नेटवर्कवरून ते टीव्हीला जोडलेल्या अँड्रॉइड बॉक्सवर किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर दाखवता येते. बॅटरीवर चालणारे कॅमेरे मात्र यासाठी घेऊ नयेत. बॅटरी वाचवण्यासाठी ते एरवी झोपलेले असतात आणि सहसा अखंड चित्र देत नाहीत. हा मार्ग चालतो, पण त्याला देखभाल लागते. एखाद्या अपडेटनंतर ॲप उघडेनासे झाले की ते नीट करायला घरात कुणीतरी माहीतगार असावे लागते. म्हणून ज्यांच्याकडे डीव्हीआर आहे त्यांनी थेट केबलचाच मार्ग धरावा.

ओसरी यांनी पुण्याहून चित्र पाहताना एक खबरदारी घ्यावी. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल तर आजच बदलावा आणि राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून डीव्हीआरपर्यंत येण्याची वाट, उघडून ठेवले असेल तर ते बंद करावे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. आईच्या पडद्याला तर इंटरनेटची गरजच नाही.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. आईला आरामखुर्ची यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ओसरीतला कॅमेरा बाहेर वळवावा, असे तिने लगेच सांगितले. इतके दिवस ती हे बोलली नव्हती. मॉनिटर आणि एक्स्टेंडर घ्यायचे ठरवले आहे. आता एकच शंका उरली आहे. फाटक घरापासून तीसेक फुटांवर आहे आणि कॅमेरा ओसरीच्या पत्र्याखाली उंचावर आहे. मोबाइलवर मी चित्र बोटांनी मोठे करून पाहते, पण आईला ते करता येणार नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा अगदी लहान दिसतो आणि सकाळी तर काळी आकृतीच दिसते.

तांब्याची तार

तुमच्या कॅमेऱ्याची लेन्स बहुधा २.८ किंवा ३.६ मिलिमीटरची असेल. ती अंगण भरून दाखवते, पण तीस फुटांवरचा चेहरा ओळखू येईल इतका मोठा दाखवत नाही. पडदा मोठा घेऊन हे सुटणार नाही. त्या जागी ६ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा लावावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे फाटकाच्या खांबावरच साडेपाच-सहा फूट उंचीवर, छोट्या छपराखाली कॅमेरा लावावा. उंचावरच्या कॅमेऱ्याला टोपी आणि छत्री दिसते, चेहरा दिसत नाही. सकाळी काळी आकृती दिसते त्याअर्थी कॅमेऱ्याचे तोंड उगवतीकडे असणार. नवा कॅमेरा डब्ल्यूडीआर, म्हणजे मागून उजेड असतानाही समोरचा चेहरा दिसण्याची सोय, असलेला घ्यावा आणि ते सेटिंग चालू आहे ना ते पाहावे. रात्रीसाठी फाटकावर ९ वॅटचा साधा एलईडी दिवा लावावा. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडात चेहरा पांढुरका दिसतो, शिवाय कॅमेऱ्याभोवती किडे येतात आणि किड्यांमागे कोळी येऊन काचेसमोर जाळे विणतो. ते महिन्यातून एकदा मऊ फडक्याने पुसण्याचे काम बाईंना सांगून ठेवावे.

लेन्स पक्की करण्यापूर्वी कॅमेरा तात्पुरता बांधावा, अंधार पडल्यावर सोबतीच्या बाईंना फाटकापाशी उभे करावे आणि आईंना त्यांच्या खुर्चीत बसवून कोण आहे ते विचारावे. त्यांनी न सांगता ओळखले तरच कॅमेऱ्याचे स्क्रू आवळावेत.